सहावीच्या वर्गातली बस्करपट्टी

माझ्यावर बसून पाढे म्हणणारी मुलं आज स्वतःच्या मुलांना शाळेत सोडायला येतात आणि मला ओळखतही नाहीत. मित्रांनो, मी एरंडोलजवळच्या एका गावातली बस्करपट्टी, वर्गात मुलं ओळीनं जिच्यावर बसतात ती तागाची लांबलचक पट्टी. धुळ्यातल्या एका छोट्या कारखान्यात मागावर माझा जन्म झाला. काठाला लाल आणि हिरवी रेघ होती. आता लाल रेघ तेवढी दिसते.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पंधरा ऑगस्टला पाहुण्यांसाठी मलाच अंथरायचे. ग्रामसभा असो की लसीकरण, बोलावणं मला. मग वरच्या वर्गांना बाक आले आणि मला गुंडाळून पोषण आहाराच्या खोलीत तांदळाच्या वजनकाट्यामागं उभं केलं. तिथं उंदरांनी माझं एक टोक कुरतडलं. सहावीला मात्र बाक पुरले नाहीत, म्हणून इतर पट्ट्यांबरोबर मी पुन्हा बाहेर आले, पुढच्या ओळीसाठी.

त्याच वर्षी कामिनी मॅडम आल्या. धुळ्याच्या. ही त्यांची पहिलीच नोकरी. सहावीचा वर्ग म्हणजे गलका. हजेरी घेताना स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू येत नसे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी घरी बसून सगळा विचार केला. कोण कुणाशेजारी बसेल, पाणी प्यायला कोणती ओळ आधी उठेल, बोलायचं असेल तर काय करायचं. सुट्टी संपल्यावर त्यांनी ते मुलांना नीट समजावून सांगितलं. मुलांनी मान डोलावली आणि मधल्या सुट्टीची घंटा होताच नेहमीसारखीच दाराकडं धाव घेतली.

सगळ्यांत पुढं सपना होती. उंच, दणकट, वाऱ्यासारखी पोरगी. तिचा धक्का लागून दिपमाला पडली आणि तिचं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर बसलं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर कामिनी मॅडम बराच वेळ माझ्यावर एकट्या बसून होत्या. दुसऱ्या दिवशी त्या मुलांना म्हणाल्या की माझे नियम तुम्ही पाळले नाहीत, तेव्हा आता तुम्हीच ठरवा. जे ठरवाल ते मीही पाळीन. मुलं खुलली. एकेका ओळीनं उठायचं, हात वर करून बोलायचं, असं बरंच काही ठरलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, जो ढकलेल त्यानं महिनाभर बस्करपट्टीवर बसायचं नाही, दाराशी फरशीवर बसायचं. सगळ्यांचे हात वर गेले. मॅडम घुटमळल्या, पण शब्द दिलेला होता. आणि हात वर करणाऱ्यांत सपनाही होती.

ती उठली आणि दाराशी जाऊन बसली. थंडीचे दिवस होते. फरशी गार.

मित्रांनो, वर्ग मात्र सुधारला. ढकलाढकली थांबली. मोठे सर दारातून डोकावून म्हणाले की मॅडम, वर्ग हाती आला तुमच्या. मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. सपनाकडं कुणी बघत नव्हतं. ती आता प्रश्नाला हातही वर करीत नसे.

मग एके सकाळी सपनाची आजी, रुक्माबाई, तिचा विसरलेला डबा घेऊन आली. दारातच नात फरशीवर बसलेली दिसली. कारण कळल्यावर ती रागावली नाही. डबा खाली ठेवून मॅडमना अहिराणीत हळूच म्हणाली,

"पोरगी चुकनी, तिले शिक्षा करा. मी आडवी येवाव नही. पण मना बाप बी असाच दारजोडे बसे. त्यानी चूक काय व्हती, ते त्याले शेवटलोंग समजनं नही."

तिच्या वडिलांच्या काळी त्यांच्या वस्तीतल्या मुलांना इतरांबरोबर बसू देत नसत. घरून गोणपाट आणायचं आणि दाराशी बसायचं. रुक्माबाईनं एवढंच सांगितलं आणि ती कामाला निघून गेली. तिचं बोलणं पुढच्या ओळीतल्या मुलांनी ऐकलं होतं. दिपमाला त्याच ओळीत होती.

मॅडमनी लगेच सपनाला माझ्यावर येऊन बसायला सांगितलं. ती जागची हलली नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं तिला मोडायचं नव्हतं.

"बठ्ठासनी ठरायेल शे मॅडम," ती म्हणाली. "मना बी हात वर व्हता."

मॅडम खुर्चीवरून उठल्या, दाराशी गेल्या आणि तिच्या शेजारी फरशीवर बसल्या. मग वर्गाकडं बघून म्हणाल्या, "हा नियम मान्य करताना मी चुकले. तो बदलायचा का, हे तुम्ही सांगा. तोवर मी इथंच बसेन."

मुलं एकमेकांकडं बघू लागली. चुळबूळही नाही. एवढी शांतता त्या वर्गात कधीच नव्हती, आणि ती मला मुळीच आवडली नाही.

तेवढ्यात दिपमाला उठली. प्लास्टरचा हात पोटाशी धरून दुसऱ्या हातानं तिनं माझं कुरतडलेलं टोक पकडलं आणि ओढू लागली. माझ्यावर ओळभर मुलं बसलेली. मी कसली हलतेय. ती पुन्हा ओढू लागली. मग शेजारचा उठला, त्याच्यापुढची उठली. सगळी ओळ उभी राहिली आणि मला धरून दाराकडं निघाली. आजवर मी भिंतीलगत सरळ पडून असायचे. त्या दिवशी पहिल्यांदा वळले.

दिपमाला सपनाजवळ येऊन बसली. सपनानं खाली बघतच विचारलं, "तुना हात दुखस का आजून?"

"दुखस नही," दिपमाला म्हणाली. "खाजस."

सपनाला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली. मग डोळे पुसून तीच म्हणाली की हात बरा होईपर्यंत दिपमालाचं दप्तर ती वाहील आणि तिचा अभ्यासही लिहून देईल. मॅडमनी वर्गाला विचारलं. पुन्हा हात वर गेले, पण या वेळी कुणी घाई केली नाही. धक्का देणाऱ्यानं ज्याला लागलं त्याचं काम करायचं, जागा मात्र कुणाचीच जायची नाही, असं ठरलं.

अजूनही गलका होतो. कधी कधी मॅडमना नियम पुन्हा चर्चेला घ्यावे लागतात. पण त्या आता ते घरून ठरवून आणत नाहीत.

मित्रांनो, उद्या तुम्ही वर्गाचे मॉनिटर व्हाल, कुणी शिक्षक व्हाल. माझ्यासारखी एखादी जुनी पट्टी तुमच्याकडं असेल तर तिला झटका, ऊन दाखवा, उसवली तर दोरा घाला. आणि अंथरल्यावर एकदा मागं वळून बघा. कुणी फरशीवर राहिलं असेल, तर तिला त्याच्यापर्यंत ओढा. आम्ही पुरतो.