चौसष्ट दारं

"मॅडम, या नव्या शाळेत मुलींच्या बाथरूमचं दार पूर्ण उघडतं का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती आणि मी विचारलंसुद्धा, तेही अख्ख्या वर्गासमोर! मागच्या बाकांवर खसखस पिकली. हसा! सध्याच्या बाथरूमचं दार अर्धंच उघडतं आणि कडी तर कधीच निखळलीय. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं. नव्या इमारतीतही असलेच हाल नशिबी आले तर?

आर्किटेक्ट मॅडम त्याच इमारतीचं मॉडेल पडद्यावर दाखवत होत्या. अख्खी शाळा कॉम्प्युटरमध्ये उभी! नुसतं चित्र नव्हे हं. कुठल्याही भिंतीवर क्लिक करा, तिची जाडी, विटा, आतले पाइप, सगळी कुंडली बाहेर. पाइप तुळईवर आदळत असेल, तर बांधायच्या आधीच कॉम्प्युटर बोंब मारतो.

"टक्कर शून्य!" मॅडम ऐटीत म्हणाल्या. "सोमवारी नकाशे गवंड्यांच्या हातात."

"पण दार?" मी कसली सोडतेय!

"उघडतं की. हे बघ."

त्यांनी दार फिरवलं. ते अर्ध्यातच थेट बेसिनमध्ये घुसलं.

वर्गात एकच हशा. मॅडमचा चेहरा एवढासा झाला, मग त्याही हसत सुटल्या. "अगं, मॉडेलमध्ये आमची सगळी दारं बंदच असतात. बंद दार कुणाला धडकणार? ती उघडायला जागा आहे का, हे तपासायचं राहूनच गेलं."

"मग बाकीची दारं?"

"चौसष्ट आहेत बाई." त्यांनी कपाळाला हात लावला. "एकेक उघडून बघावं लागणार. आणि हातात दोनच दिवस."

"मी बघते ना!" हे माझंच तोंड बोललं, शपथ.

शाळा सुटल्यावर मॅडमच्या ऑफिसात त्यांनी माझ्या हातात माउस दिला. संध्याकाळपर्यंत तेवीस दारं उघडली. त्यातलं एक जिन्याच्या कठड्यावर आपटलं, एकाने प्रयोगशाळेचं कपाट अडवलं. प्रत्येक वेळी मी ओरडायचे, "सापडलं!" आणि मॅडम खुर्ची सरकवत धावत यायच्या.

दारांचं फोनवर कळवलं होतंच. घरी आले तर आई-बाबांची बांधाबांध चाललेली. पहाटे दोन दिवसांसाठी मावशीकडे निघायचं होतं.

"आलात का ठेकेदारबाई?" बाबा म्हणाले. "चला, बॅग भरा."

"मी येणार नाहीये." आवाज जराही कापला नाही! "मैत्रिणीकडे राहतेय, तिच्या आईला विचारलंय. मावशीला सांगा, सोमवारच्या आत मला अजून एक्केचाळीस दारं उघडायचीत."