सरळ पिसांच्या नऊ जणी

“ये गो ये गो काळे, उलट्या पिसांचे,
कोणी दिले तुका झगे, उलट्या शिवणीचे?”

गोकुळदासला तो आवाज अजून ऐकू येतो. कारापूरच्या घराची मागली बाजू, खोचलेला परकर, मुठीत नाचणी, आणि आठ वर्षांची त्याची बहीण चंद्रावती आपल्याच मनाने जोडलेलं गाणं म्हणत कोंबड्यांना हाक घालतेय. त्या यायच्या, पण तिच्याच हाकेला. गोकुळदासने तेच गाणं त्याच चालीवर म्हणून पाहिलं, तर एकीनेसुद्धा मान वर केली नाही. वडील, दत्ताराम, हातातला कोयता खाली ठेवून हे बघत आणि हसत. बारा वर्षांच्या गोकुळदासला ते हसणं लागे.

त्या कोंबड्यांना गावात ‘उफराटी’ म्हणत. अंगावरचं एकूण एक पीस शेपटीकडे जायचं सोडून डोक्याकडे वळलेलं. जणू पक्षी वाऱ्याला पाठ करून उभा आहे आणि वारा कधी थांबतच नाही. रंग काळा, पण उन्हात त्या काळ्यातून हिरवं आणि जांभळं निघे, तेलाच्या थेंबातून निघतं तसं. पहिल्यांदा बघणारा माणूस हसे. मग गप्प होई. मग विचारी, “हात लावू?”

या रूपापायीच त्यांचा वंश खुंटत आला होता. वर्षाची राखण द्यायची, म्हणजे गावाच्या सीमेवरच्या राखणदार देवाला कोंबा द्यायचा, तर काही घराण्यांना तो उफराटाच लागे. पेडण्यापासून साखळीपर्यंतची माणसं दत्तारामचं दार शोधत येत. पुढे बाकीच्या गावांतून ही जात गेली. दत्तारामच्या घरी राहिली, कारण तो दहा जणांना तोंडावर “ना” म्हणे आणि मागे कोंबा आरवत असे.

दत्ताराम गेला त्याला आता सात वर्षं झाली. जाण्याआधी तीन दिवस त्याने गोकुळदासला जवळ बोलावलं होतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. खिडकीतून कोंबड्यांची खुडबूड ऐकू येत होती. म्हातारा म्हणाला, “कोंब्यो चंद्राक दी. तिका त्यांचा कळता.”

“व्हय बाबा,” गोकुळदास म्हणाला.

त्या वर्षी खाण बंद पडली होती. गोकुळदासचा खनिज वाहणारा टिपर अंगणात उभा राहून त्याच्या चाकांवर वेल चढली होती. आयुष्यभर डिचोलीच्या रस्त्यावर लाल धूळ उडवत हिंडलेला माणूस दिवसभर सोप्यावर बसू लागला. कोणी त्याला शोधत येत नव्हतं. येत ते कोंबड्यांसाठी. बाराव्याला चंद्रावती धारगळहून आली, मागल्या दारी जाऊन कोंबड्यांजवळ बसली, डोळे पुसले आणि परत गेली. गोकुळदासने सांगितलं नाही. पुढल्या वेळी सांगू म्हणाला. पुढल्या वेळी ते जास्त जड झालं होतं.

आणि त्याने कोंबड्या सांभाळल्या, हे खोटं नाही. खुराडं नवं बांधलं. मुंगूस शिरू नये म्हणून खाली चिरे बसवले. या पिसांतून पाणी सरळ कातडीला जातं, म्हणून पावसाळाभर त्यांना रांधपाच्या खोलीशेजारी ऊब दिली. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याने वंश ‘शुद्ध’ करायला घेतला. बाबांच्या वेळी खुराड्यात उफराट्यांबरोबर सरळ पिसांचीही हिंडत, त्याच पोटची. म्हातारा ढिला होता, असं गोकुळदासला वाटे. सरळ पिसाचं पिल्लू जरा भरलं की तो बायकोला सांगे, “सरस्वती, ह्येची सागोती कर.” चंद्रावती माहेरी आली की एखादं पिशवीत घालून तिच्या हातात देई. “व्हर गो. रस्स्याक बरां.” ती पिशवीत डोकावून बघे आणि घेऊन जाई.

सात वर्षांत खुराड्यात एकही सरळ पीस उरलं नाही. प्रदर्शनात त्याला प्रशस्तिपत्र मिळालं, ते त्याने बाबांच्या फोटोशेजारी लावलं. मात्र फोटोकडे फारसं बघत नसे.

आणि मग पिल्लं उघडी होऊ लागली.

आधी एखादं. मग एका उबवणीत तीन-चार. अंड्यातून निघताना लोकरीचा गोळा असत. आठ-दहा दिवसांत त्यांना जी पिसं फुटत ती जळक्या सुंभासारखी. बोट लावलं की मोडत. अंग लाल, उघडं. रात्रीचं दव पडलं तरी ती थरथरत आणि सकाळी आईच्या पंखाखाली आडवी सापडत. काही अंडी तर फुटतच नसत. यंदा दसरा झाला तेव्हा गोकुळदासकडे एक कोंबा, दोन म्हाताऱ्या कोंबड्या आणि एक उघडं पिल्लू, एवढंच राहिलं होतं. कोंबड्या आठवड्याला जेमतेम एक अंडं देत. हा हंगाम गेला की संपलं. कुठेही दुसरी नव्हती.

“राखणदाराची नदर,” सरस्वती म्हणाली. “बाबा इतक्या जणांक ना म्हणाले.”

गोकुळदासला वेगळंच वाटत होतं, पण त्याने ते गिळलं.

जनावरांच्या दवाखान्यात नवीन आलेली डॉक्टर क्षमा, मूळची वाळपईची, शेजारच्या म्हशीला बघायला आली होती. तिला तो हाताला धरूनच घेऊन आला. तिने उघडं पिल्लू ओंजळीत घेतलं, कोंब्याचा पंख उलगडून पाहिला, विचारलं, “सरळ पिसांची कुठे आहेत?”

“ती ठेवीत नाय. जात बिघडता.”

क्षमाने पिल्लू गोकुळदासच्या ओंजळीत दिलं. मग तिने खराट्याचे चार हीर ओढून काढले, दोन वाकवले, दोन सरळ ठेवले आणि पायरीवर मांडले. “काका, हा आजार नाही. वाकडा हीर म्हणजे उफराटेपणा. पिल्लाला एक हीर आईकडून मिळतो, एक बापाकडून. एक वाकडा नि एक सरळ मिळाला, तर तुमच्या ह्या कोंब्याचं रूप. बघा ना किती देखणा आहे! दोन्ही सरळ आले, तर साधं पीस. आणि दोन्ही वाकडे आले...” तिने त्याच्या ओंजळीतल्या पिल्लाकडे पाहिलं. “हे असं. तुम्ही वाकड्याला वाकडाच देत गेलात. उफराट्याला सरळ जोडीदार लागतो. ह्याच रक्तातला मिळाला, तर तुमची जात वाचेल.”

गोकुळदास हिरांकडे बघत राहिला. खुराड्यात दोन्ही हिंडत, तो ढिलेपणा नव्हता तर. म्हातारा काही शिकलेला नव्हता, पण त्याला माहीत होतं.

“आणि ह्या रक्तातलां सरळ पीस,” सरस्वती म्हणाली, “आमी खाल्लां. मिटकी मारून.”

क्षमाला हसू आलं, तिने ते दाबलं. सरस्वती चहाचे कोप उचलता उचलता थांबली. “ओ, पण धारगळात इचारा की. चंद्रावन्संक कितके दिलास पिशवी भरून!”

“तिणां ठेवले असतीत? मीच सांगलां, रस्सो कर म्हणान.”

“इचारूक काय पैशे पडतंत?”

पैसे पडत नव्हते. दुसरं काहीतरी पडत होतं. तीन दिवस तो उगाच खुराडं झाडत राहिला. चौथ्या दिवशी उघडं पिल्लू मेलं. त्याने ते फणसाखाली पुरलं, कोंब्याला पाटल्यात, बांबूच्या टोपलीत, घातलं, वर फडकं बांधलं आणि स्कूटर काढली.

अस्नोडा करून, कोलवाळचा पूल ओलांडून तो धारगळला पोचला. हायवेच्या कडेला, आपल्या घरासमोरच, चंद्रावती भाजीची पाटी घेऊन बसली होती: लाल भाजी, मुळा, आमसोलांची पुडकी. गिऱ्हाइकाशी वाद चालला होता. “पांच रुपये कमी व्हये तर घरची आवय इचार, ती दितली!” मग तिला भाऊ दिसला. पाटलाही दिसला.

“दादा! वाट चुकलंस? पाटल्यात काय? माका रस्स्याक हाडलंस?”

गोकुळदासचे कान तापले. “रस्स्याक न्हय. काम आसा.”

त्याने तिथेच, भाजीच्या पाटीशी उकिडवा बसून सगळं सांगितलं. म्हणजे पिल्लांचं सगळं. उघडी पिसं, चार हीर, डॉक्टरणीचं बोलणं. चंद्रावती ऐकत होती. लाल भाजीवर पाणी शिंपडायची विसरली.

“मी तुका दिल्ली ती...” तो म्हणाला, “एखादी तरी जिवंत आसा?”

 शेजारणीला पाटीकडे लक्ष ठेवायला सांगून चंद्रावती उठली. घराच्या बाजूने, केळींच्या मधून, ती त्याला मागे घेऊन गेली.

माडाखाली ऊन-सावलीत नऊ कोंबड्या पालापाचोळा उकरत होत्या. काळ्या. पीस न् पीस सरळ, गुळगुळीत, पाण्याने ओढल्यासारखं. एकीने मान वळवली आणि उन्हात तिच्या गळ्यावरून हिरवं, मग जांभळं सरकत गेलं. गोकुळदासचे पाय तिथेच थांबले. तो रंग तो ओळखत होता. आपल्याकडून गेलेलं, आपण टाकलेलं, इथे नऊ जणींच्या अंगावर उजळत होतं.

“खाल्लंस नाय?”

“पयली व्हरली तेन्ना सुरी घेवन बसलंय,” चंद्रावती म्हणाली. “तिणां माज्याकडेन बघलां. बाबांच्या खुराड्यातली नदर रे ती. घास गेलो नसतो. मागीर जी जी दिलंस, ती ठेवलंय. कोंबे शेजाऱ्यांक दिले. माजो घरकार म्हणता, दोन हजार खर्च करून फुकटच्यो कोंब्यो पोसता!”

गोकुळदासने फडकं सोडलं. उफराटा कोंबा बाहेर आला, अंग झाडलं, आणि उलट्या पिसांचं ते काळं फूल एकदम दुप्पट उमललं. नऊ जणी उकरायच्या थांबल्या. केळीचं पानसुद्धा हललं नाही. मग कोंब्याने एक पंख जमिनीवर घासत वळसा घेतला, आणि चंद्रावती तोंडावर पदर घेऊन हसली. “नवरो येयलो गो तुमचो! उशिरान येयलो, पण नटान येयलो!”

कोंबा तिथेच राहिला. पुढचे दिवस गोकुळदासने कसे काढले, ते सरस्वतीला विचारावं. फोन वाजला की ताट सोडून उठे. “अकरा अंडी दवरली.” “खुडूक बरी बसल्या.” “दादा, नऊ फुटली.” नऊ पिल्लं, नऊही काळी लोकर. पण लोकरीवरून काही कळत नसतं. ते कळतं पंखाचं पहिलं पीस फुटतं तेव्हा.

पिल्लं निघाल्याच्या दहाव्या दिवशी सकाळी चंद्रावतीने फोनवर एवढंच म्हटलं, “ये.”

तो गेला तेव्हा ती मागल्या पायरीवर सूप घेऊन बसली होती. सुपात नऊ पिल्लं, बाजूला त्यांची आई रागाने क्लक् क्लक् करत फेऱ्या मारत होती. चंद्रावतीने एक पिल्लू उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. “हात हालोव नको.”

त्याने चष्मा कपाळावर सारला आणि तळहात डोळ्यांजवळ नेला. बोटाच्या पेराएवढा पंख. त्याच्या कडेला सहा-सात पिसं, काडीसारखी बारीक, अजून अर्धी नळीत. आणि त्या प्रत्येकाचं टोक, दिसेल न दिसेलसं, वर वळलेलं. रानात नेचाचा कोंब उलगडतो तसं, पण उलट्या बाजूला. पिल्लाचं काळीज त्याच्या तळहातावर धडधडत होतं, इतकं जोरात की त्याला ते आपलंच वाटलं. पीस मऊ होतं. त्याने करंगळी लावली, मोडलं नाही. वाकलं आणि परत उभं राहिलं.

किती वर्षांपूर्वी कोणत्या रानातल्या कोंबडीच्या अंगात हा एक वाकडा हीर शिरला असेल, आणि किती खुराड्यांतून, किती पावसाळ्यांतून, किती माणसांच्या हातांतून निसटत इथवर आला असेल. त्यातले शेवटचे हात आपले. आपण त्याला जवळजवळ मारलंच होतं.

“चार अशी आसत,” चंद्रावती हळू आवाजात म्हणाली, जणू मोठ्याने बोललं तर पिसं परत सरळ होतील. “पांच सरळ. एकय उघडां नाय.”

 तिने पिल्लू परत घेतलं, सुपात ठेवलं. कोंबडी धावत आली आणि नऊही जणांना पोटाखाली ओढून फुगून बसली.

“जरा मोठी जातकच व्हर,” चंद्रावती म्हणाली. “उफराटी चारय व्हर, आणि सरळ दोन. माका उरलेली तीन पुरे. बाबांनी विश्वासान तुज्या हातांत दिल्ली वस्त ती. तुयां राखलंस म्हणान आज दिसली.”

आतून तिच्या नवऱ्याने विचारलं, पावाचे उंडे आणलेत, चहा ठेवू का. “दवर!” ती ओरडली, आणि उठायला लागली. गोकुळदासने तिचा हात धरला. लहानपणीसुद्धा त्याने तो असा कधी धरला नव्हता. ती परत बसली, त्याच्या तोंडाकडे बघू लागली.

“चंद्रा,” तो म्हणाला, “बाबांनी त्यो माका दिल्ल्यो नाय. तुका दी म्हणान सांगललां. मी सांगूक नाय.”