तीनशेतली एकशे चौदावी

मित्रांनो, मी गाण्यांची एक तबकडी आहे, आणि जुनी मुळीच नाही. अजून माझा पहिला वाढदिवसही व्हायचाय. तरी आत्मवृत्त सांगायला बसले, कारण गप्प बसणं माझ्या अंगात नाही. माझ्या अंगात आहेत 'बिनपगारी' या पंक बँडची अकरा नवी गाणी. पंक म्हणजे काय विचाराल, तर थोडे सूर, पुष्कळ आरडाओरडा आणि गाडी सुटत असल्यासारखी घाई.

कारखान्यात प्लास्टिकचे शेंदरी दाणे तापवले, त्यात चिमूटभर काळे टाकले आणि यंत्राने मला पापडासारखं दाबलं. शेंदरी अंगावर धुरासारखी वळणं उमटली. अशा आम्ही तीनशेच. माझा नंबर एकशे चौदा. मला वाटलं, आता फिरायचं! तेवढ्यात मला पाकिटात घालून वरून घट्ट सीलबंद केलं.

अशी मी पेणजवळच्या जोह्याला आले, भूमिकाकडे. भूमिका तिच्या वडिलांच्या, कमळाकरांच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखते. माझी तिने आठ महिने वाट पाहिली होती. आणि मी आल्यावर? कारखान्यातल्या फळीवर ठेवलं! सील तोडलं की तबकडीची शान गेली, असं तिने जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर वाचलं होतं. चहाच्या वेळी हात पुसून यायची, पाकिटाच्या गोल खिडकीतून बघायची, "काय रंग हाय गो तुझा!" म्हणायची, की गेली. डोळे आखताना कानात फोनची वायर, आणि वायरीत माझीच गाणी! हातभर अंतरावर मी नुसती तळमळत होते.

जुलैत कारखान्यात कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. त्यात मूर्ती फिरवून रंगवायच्या स्टँडवरची लाकडी थाळी ओलीने फुगली. "पेणवरनं नवी थाली आन," असं कमळाकर दोन दिवस भूमिकाला सांगत होते. तिसऱ्या दिवशी ती जेवायला घरी गेली आणि त्यांना मी दिसले. गोल, गुळगुळीत, मधोमध भोक. पोरीने थाळी आणली आणि सांगायला विसरली, असं समजून त्यांनी नखाने सील फाडलं.

आणि मी फिरले! डोक्यावर वीतभर गणपती, खाली कुरकुरता खिळा, सुईचा पत्ता नाही, पण फिरले. पितांबराचा पिवळा रंग ठिबकत माझ्या रेषांत उतरत होता, आणि मला आनंदाने त्याचं भानही नव्हतं.

भूमिका आली ती दारातच थबकली. "बाबा! काय केलंस हे?"

"का गो? झ्याक थाली आनलीस. जराय डुगडुगत नाय."

"थाली नाय ती! गानी हायत त्यात!"

कमळाकर वाकून बघू लागले. "गानी? कंच्या बाजूनं?"

ती रडली. तेव्हा मला माझ्या अंगावरचा रंग दिसला. रेषा बुजल्या, तर मी कायमची मुकी!

संध्याकाळी कमळाकर रामवाडीच्या गॅरेजातून बॅटरीत घालायच्या, मागे डाग न ठेवणाऱ्या शुद्ध पाण्याची बाटली घेऊन आले आणि तिच्यापुढे ठेवून निघून गेले. बुबुळं रेखायचा सगळ्यात बारीक ब्रश घेऊन भूमिका एकेक रेष धूत बसली. एका बाजूचा पिवळा ठिपका मात्र काही केल्या निघेना.

आता सील तर गेलंच होतं. रविवारी ती मला घेऊन रोह्याला गेली, कॉलेजातल्या मैत्रिणीकडे, जिकराकडे. जिकराच्या अब्बांनी मस्कतहून आणलेला तबकड्यांचा प्लेअर तिथे आहे. गाडीत मी पिशवीत नुसती चुळबुळत होते. गाणी वाचली असतील ना?

सुई टेकली. खरखर झाली, आणि अख्खी खोली दणाणली!

भूमिका हलेना. ही गाणी तिला पाठ होती, पण ढोल छातीवर आदळतो हे तिला आज कळत होतं. ठिपक्यापाशी सुईने 'टक' केलं आणि पुढे धावली.

"अगो, केवढी वरडतात ही लोकं! कुनी पानी तरी द्या त्यांना," जिकरा कानांवर हात ठेवून म्हणाली. "आनि आता ही कुनी जमवनारा घेईल काय? डाग पडला, सील बी गेलं."

"ही कोन देतंय कुनाला?" भूमिका डोळे पुसत म्हणाली. "दुसरी बाजू लाव."

मित्रांनो, आम्हाला जरूर जपा. कडेला धरा, बोटं उमटवू नका, उन्हात ठेवू नका. पण जपून झालं की लावा हो! नुसतं जपून ठेवलेलं गाणं कुणाचंच नसतं. अजून पुष्कळ सांगायचं होतं, पण जिकराने मला उलटवलंय, सुई खाली येतेय. सरका, मला फिरायचंय.