रिकामे पंप

दवाखान्यात दाखवायला जायच्या आदल्या दिवशी, सकाळची कामं आवरली की सासूबाई मोरीचं दार आतून लावून घेत आणि सुनेचे दम्याचे पंप उडवत बसत. नाकाला रुमाल धरायचा, हात खिडकीबाहेर काढायचा आणि फुस्स, फुस्स करत औषध हवेत सोडून द्यायचं. पंपाच्या पाठीवर एक बारीक आकडा असतो. दर दाबाला तो एकाने उतरतो. तो शून्यावर आला की सासूबाई पंप स्वच्छ पुसून कपाटात ठेवत आणि किल्ली कमरेला लावत. सून त्या वेळी दाराबाहेर कपड्यांची बादली घेऊन, भिंतीला टेकून, एकेक श्वास ओढून घेत आपली पाळी यायची वाट बघत असे.

वाचकहो, या बाई वेड्या नव्हत्या. शेजारीपाजारी त्यांचा सल्ला घेत, दुकानातलं उधारउसनवार त्यांच्या तोंडपाठ असे. शहाण्यासुरत्या, चारचौघांत मान असलेल्या माणसांनीच हे केलं, म्हणून तर लिहिताना किळस येते.

त्यांचा गाद्यांचा कारखाना होता. खाली कारखाना, वर घर. लोकांच्या जुन्या गाद्या यायच्या, त्या उसवायच्या, आतला दडपलेला कापूस यंत्रात पिंजून मोकळा करायचा आणि नव्या खोळीत भरायचा. कुणाकुणाच्या झोपेचा वर्षानुवर्षांचा धुरळा त्या गाद्यांतून उठायचा आणि जिन्याने वर येऊन ताटवाट्यांवर बसायचा. नव्या खोळी घरातली धाकटी मुलगी शिवायची. जुन्या गाद्या उसवायचं काम मात्र लग्न होऊन आल्यापासून सुनेकडे. नवीन माणसाला घाण काम द्यायचं, हा या घराचा शिरस्ताच होता.

ती आली तेव्हा ठणठणीत होती. दुसऱ्या वर्षी शिंका सुरू झाल्या. सकाळी उठल्या उठल्या एकामागून एक, थांबायचं नावच नाही. नाक गळायचं, डोळे चुरचुरायचे, टाळू खाजायची. नवरा गंमत म्हणून शिंका मोजायचा. सासऱ्यांनी तिचं नाव ठेवलं सर्दीबाई, आणि ते इतकं बसलं की गिऱ्हाइकंही विचारायला लागली, आज सर्दीबाई दिसत नाहीत. ती हसायची. नाकच ते, गळणारच, असं सगळे म्हणत आणि तीही म्हणे. मग खोकला लागला. मग जिना चढताना छातीत शिट्टी वाजायला लागली आणि गंमत करणाऱ्यांनी कान बंद करून घेतले.

गावातल्या मोठ्या इस्पितळाच्या सगळ्या गाद्या याच कारखान्यातून जात. एकदा माल उतरवताना सून तिथल्या वॉर्डातच धापा टाकायला लागली आणि छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पाहिलं. बाईंचं एक संशोधन चाललं होतं. ज्या मोठ्या माणसांना नाकाची ॲलर्जी आणि दमा दोन्ही आहे, त्यांच्या छातीबरोबर नाकावरही नीट उपचार केले तर दम्याचे झटके किती कमी होतात, हे त्या तपासत होत्या. त्यांनी सुनेलाही त्यात घेतलं आणि समोर बसवून समजावलं. नाक आणि छाती ही एकच नळी आहे, वर सूज राहिली तर खाली उतरायला वेळ लागत नाही. नाकात मारायचा फवारा रोज. एक पंप रोज, बरं वाटत असेल त्या दिवशीसुद्धा, कारण तो सूज दाबून ठेवतो. आणि दुसरा निळा पंप फक्त श्वास अडकला तर, म्हणून तो कायम हाताशी ठेवायचा. जुन्या गाद्यांना मात्र तिने यापुढे हात लावायचा नाही. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं, म्हणून सासऱ्यांनी मान डोलावली.

पहिल्या महिन्यात घराने जे पाहिलं ते सगळ्यांना आठवत असणार. शिंका थांबल्या. बसून रात्र काढणारी बाई आडवी झोपायला लागली. एक दिवस ती भरलेली बादली घेऊन गुणगुणत जिना चढली. धाकटी मशीन थांबवून तिच्याकडे बघत राहिली, कारण वहिनीचा आवाज इतका गोड आहे हे तिला माहीतच नव्हतं.

आणि मग धाकटीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. फळीवरचा पंप एका नात्यातल्या बाईच्या नजरेस पडला. पंप म्हणजे शेवटची पायरी, एकदा सवय लागली की सुटत नाही, आणि घरात दमा आहे हे कळलं तर मुलीला कोण विचारणार, असं ती सासूबाईंच्या कानात सांगून गेली. त्याच दिवशी फवारा आणि दोन्ही पंप कपाटात गेले. सासऱ्यांची भीती आणखी वेगळी होती. गादीवाल्याच्याच सुनेला गादीच्या धुळीने दमा झाला, ही बातमी फुटली तर धंदा बसलाच. नवरा म्हणाला, आई म्हणतेय तर थोडे दिवस काढ. असे थोडे दिवस बायकांनीच का काढायचे, हे त्याला कुणी विचारलं नाही. गाद्या उसवायचं कामही हळूच तिच्याकडे परत आलं.

डॉक्टरीणबाईंना दुखवून मात्र चालणार नव्हतं. दर खेपेला त्या जुने पंप परत मागत आणि पाठीवरचे आकडे बघत. तेव्हा सासूबाईंनी आपल्या डोक्याने मोरीतली युक्ती काढली. रोजचा पंप कुठला आणि अडीअडचणीचा कुठला, हे त्यांनी कधी समजून घेतलं नव्हतं. डॉक्टरांना रिकामे पंप बघून बरं वाटतं ना, मग दोन्ही रिकामे करायचे, इतका साधा हिशोब. सुनेला हे ठाऊक होतं. ती बोलली नाही. माहेरी दम्याचं नाव घेऊन परत जायचं कुठल्या तोंडाने, हा प्रश्न तिला श्वासापेक्षा मोठा वाटत होता. आपणच असे प्रश्न मोठे करून ठेवले आहेत.

धाकटीला बघायला पाहुणे आले ते नेमके अशाच एका दिवशी दुपारी. सकाळी पंप उडवून झाले होते. सुनेने पहाटेपासून पडदे झटकले, जाळी काढली, कारखाना झाडला, आणि दुपारपर्यंत तिच्या छातीची शिट्टी बाहेरच्या खोलीत ऐकू यायला लागली. सासूबाईंनी तिला मागच्या मालाच्या खोलीत नेलं. चारी बाजूंना न पिंजलेल्या कापसाचे गठ्ठे. पाहुणे जाईपर्यंत बाहेर यायचं नाही, असं सांगून त्यांनी तिच्या हातात एक उशी दिली.

"खोकला आला तर हिच्यात तोंड खुपस," त्या म्हणाल्या, आणि दार ओढून घेतलं.

बाहेर चहा-बिस्किटं फिरली. मुलगा सरळ स्वभावाचा दिसत होता, पण आल्यापासून त्याचं नाक वाहत होतं आणि डोळे लाल झाले होते. प्रवासात गारठा बाधला, असं त्याची आई न विचारताच सांगत होती. मग तिने सहज म्हणून चौकशी केली, की घरात कुणाला काही दुखणंबिखणं तर नाही ना. सासूबाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की आमच्याकडे डॉक्टर फक्त गाद्या घ्यायला येतात. सगळे हसले. आमच्याकडेही तसंच, मुलाची आई म्हणाली.

तेवढ्यात मागे गठ्ठा कोसळल्यासारखा आवाज झाला. सासऱ्यांनी मांजराचं नाव घेतलं. धाकटी उठलीच.

वहिनी जमिनीवर बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, ओठ निळसर. तिला एक शब्दही बोलता येत नव्हता. धाकटी धावत आली, आईच्या कमरेची किल्ली ओढून तिने कपाट उघडलं आणि निळा पंप वहिनीच्या तोंडात धरून दाबला. काहीच आलं नाही. पुन्हा दाबला. मग तिने तो उलटा करून आकडा पाहिला.

"आई, हा रिकामा कसा?"

"उद्या दाखवायला जायचंय ना," सासूबाई पुटपुटल्या. "म्हणून सकाळीच मोरीच्या खिडकीतून मोकळा केला, दर वेळेसारखा."

आतापर्यंत सगळे दाराशी जमले होते. नवरा गाडी काढायला धावला. बाकीचे दारातूनच बघत होते. धाकटीची नजर मुलाकडे गेली. त्याचा हात विजारीच्या खिशात गेला होता, आणि त्याच्या आईने त्याचं मनगट बाहेरून घट्ट धरलं होतं. खिशाला आलेला फुगवटा धाकटीने ओळखला.

"तुमच्याकडे पंप आहे का?" तिने विचारलं.

"किल्ल्या आहेत त्याच्या," मुलाची आई म्हणाली.

मुलगा जमिनीकडे बघत राहिला. समोर एक बाई गुदमरत होती, तिचं औषध त्याच्या मुठीत होतं, आणि हा घोडनवरा आईने हात सोडायची वाट बघत होता. धाकटीने त्या बाईंची बोटं सोडवली, त्याच्या खिशात हात घातला आणि तो पंप काढून घेतला. अगदी तसाच, निळा. त्याचे चार-सहा दाब वहिनीच्या छातीत गेले तेव्हा तिला निदान रडण्यापुरता श्वास मिळाला. तेवढ्यावर तिला इस्पितळात नेलं.

ती वाचली. दुसऱ्या दिवशी तोंडावर मास्क होता, पण श्वास ठिकाणावर होता. डॉक्टरीणबाई खाटेशी येऊन खुर्ची ओढून बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. दर खेपेला पंप रिकामे परत येत होते, म्हणजे औषध पुरेपूर घेतलं जात होतं, आणि तरी नळ्या इतक्या सुजलेल्या. हे औषध यांना लागूच पडत नाही असं धरून त्या तिला संशोधनातून काढणार होत्या आणि जबर गोळ्या सुरू करणार होत्या. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, पण इलाज नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आणि शेवटचं म्हणून विचारलं, की रोज घेत होतात ना?

सुनेने पायथ्याशी उभ्या असलेल्या सासूकडे पाहिलं आणि मान हलवून हो म्हटलं. सासूबाईंनी तिचं पांघरूण नीट केलं.

त्याच वेळी बाहेरच्या व्हरांड्यात मुलाची आई मुलाला घेऊन आली होती. तब्येतीची चौकशी एका वाक्यात उरकून तिने मुद्द्याला हात घातला. मुलगी पसंत आहे. तुमच्या घरातलं आम्ही पाहिलं, आमच्या घरातलं तुम्ही. तुम्ही आमचं झाका, आम्ही तुमचं झाकतो. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा रंग आला. सासूबाईही बाहेर आल्या, ऐकून त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. भिंतीपलीकडे त्यांची सून मास्कमधून श्वास घेत होती आणि अलीकडे दोन घरं तिच्या गुदमरण्यावर सोयरीक जुळवत होती. गटाराचं झाकण उघडल्यावर जसं होतं, तसं हे लिहिताना होतं.

धाकटी तिथेच, वॉर्डाच्या उघड्या दाराजवळच्या बाकावर बसली होती; आतलं डॉक्टरीणबाईंचं बोलणंही तिने ऐकलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती उठून मुलासमोर उभी राहिली.

"दमा मला चालला असता," ती म्हणाली. "औषधं वेळच्या वेळी दिली असती, तुमच्यासाठी जागले असते. पण काल तुम्ही हात खिशातच ठेवलात. ते मला चालणार नाही."

सासूबाईंनी तिचा दंड धरून तोंड सांभाळायला सांगितलं. धाकटीने दंड सोडवून घेतला आणि वॉर्डात गेली.

"बाई, ते औषध लागू पडलं नाही असं म्हणू नका," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "ते वहिनीच्या छातीत गेलेलंच नाही."

"मग गेलं कुठं? पंप तर रिकामे आहेत."

"मोरीच्या खिडकीतून बाहेर. माझी आई उडवायची, तुम्हाला दाखवायच्या आदल्या दिवशी. तुम्ही नाराज होऊ नये म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी हातातला केसपेपर मागे उलटत नेला. पहिल्या महिन्यात हीच बाई किती सुधारली होती, ते त्यांना आता आठवलं असावं. खाटेवरच्या सुनेने मास्क बाजूला केला. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या, पण तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"नवे पंप माझ्या हातात द्या," ती म्हणाली. आवाज खोल होता, पण ऐकू आला. "आणि गाद्या मी उसवणार नाही."

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या संशोधनातली बाकीची माणसं नेहमीप्रमाणे बाहेरच्या हॉलमध्ये बसली होती. बाया होत्या, पुरुष होते, प्रत्येकाबरोबर घरचं कुणी ना कुणी. प्रत्येकाच्या पिशवीत रिकामे पंप. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आजवर एकाही तपासणीत न विचारलेला प्रश्न त्यांनी सगळ्यांना मिळून विचारला.

"तुमचं औषध घरात कुणाच्या ताब्यात असतं?"

कितीतरी जणांनी आधी शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग मान खाली घातली.