वाचणारा कोण, ते सांगा

डॅन्यूबच्या काठावरच्या त्या गावात येलित्साबाई एकोणीस वर्षं बल्गेरियन शिकवत होत्या. आठवीला दर मार्चमध्ये निबंधाचा विषय एकच: 'माझी मायभूमी'. यंदा सव्वीस वह्या आल्या. अठरांमध्ये डोंगर अभिमानाने उभे होते. वर्गाच्या खिडकीतून नदी दिसते, पण तिच्याकडे मान वर करून पाहिल्याची खूण एकाही वहीत नव्हती.

"डोकंच नाही या पोरांना," गणिताचे ओग्न्यानसर म्हणाले. "वाचून जीव कशाला आटवतेस?"

बाईंनी वर्गात सगळ्यांना फैलावर घेतलं. तेव्हा रालित्सा उठली. लिहिण्यात ती कायम मागे.

"बाई, हा निबंध वाचणार कोण?"

"मी."

"मग तुम्हाला मायभूमी ठाऊकच आहे की. आम्ही काय नवीन सांगणार?"

पोरं हसली. मोकळ्या तासाला बाई स्वतःच तो विषय घेऊन बसल्या. वीस मिनिटांत चार ओळी झाल्या, आणि त्यांतही डोंगर उभेच. बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सांगितलं, "मनाला येईल ते लिहा." निम्म्या वह्या कोऱ्या आल्या.

"मोकाट सोडलंस की हेच होणार," ओग्न्यानसरांनी टोमणा मारला. बाईंना तो लागला, पण त्यांनी हार मानली नाही.

एप्रिलमध्ये कळलं, की शेजारच्या खेड्यातली शाळा बंद होतेय आणि तिथली मुलं सप्टेंबरपासून बसने इथे येणार. बाईंनी फळ्यावर लिहिलं: 'नव्या मुलाला इथलं काहीच ठाऊक नाही. तुम्हाला सुरुवातीला कोणीच न सांगितलेली एकच गोष्ट त्याला सांगा. ती तुम्हाला कशी कळली, तेही लिहा.' मग म्हणाल्या, "हे कागद खरंच त्या मुलांना द्यायचेत. आधी कच्चं लिहा. बाकावरच्या शेजाऱ्याने वाचून कडेला दोन प्रश्न लिहायचे. मग पुन्हा लिहायचं."

रालित्साने लिहिलं, की ती खेड्यातून आली तेव्हा तिच्या बोलीला सगळे हसायचे, म्हणून ती डबा मुतारीत उभी राहून खायची. एक दिवस शाळेची स्वयंपाकीण पेन्कामावशी हिने तिला स्वयंपाकघरात बोलावून मिरच्या निवडायला बसवलं. शेजारणीने कडेला विचारलं, "घरी का नाही सांगितलंस?" दुसऱ्या खर्ड्यात उत्तर आलं: आई इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करते. फोनवर ती रडली असती, आणि इतक्या लांबून मला तिचे डोळे पुसता आले नसते.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. सगळेच काही असे नव्हते. पाच-सहा जणांनी उरकून टाकलं होतं. बाकीच्यांत मात्र प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येत होता.

ओग्न्यानसरांनी रालित्साचा कागद वाचून खाली ठेवला. "मला वाटायचं हिला लिहिताच येत नाही."

"मलाही," बाई म्हणाल्या.

सप्टेंबरमध्ये बसमधून अकरा मुलं उतरली. बाईंनी एकेकाच्या हाती एकेक पाकीट दिलं. एक किडकिडीत मुलगी पायरीवर उभ्या उभ्या रालित्साचा कागद वाचत राहिली. मग कागदाची नीट घडी घालून तिने हळूच विचारलं,

"बाई, ही ताई आता कुठल्या वर्गात असते?"