आजच फोन करा

मित्रांनो, काचेमागे चौकटीत ऐटीत बसलेला हा पिवळट कागद दिसतो ना, तो मी. माझी ऐट बघून फसू नका बरं का! माझ्याइतका निकामी कागद उभ्या वॉशिंग्टनमध्ये शोधून सापडायचा नाही.

जन्माने मी राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावरची साधी चिठ्ठी. तेव्हा केंटकीच्या डोंगरातल्या एका गावात सरकारी रोजगार योजनेचा पार बोजवारा उडाला होता. तिथल्या मुकादमाने आपले मेहुणे कामावर दाखवले होते आणि ते घरी लोळून पगार खात होते. वर्तमानपत्रांनी एकच बोंब ठोकली. शुक्रवारपासून तिथलं सगळं काम बंद, असं ठरलं.

पण त्याच योजनेत ओपल स्टिडम नावाची बाई होती. ती आणि तिच्या सोबतिणी सरकारी गाडीतून म्हाताऱ्या खाणकामगारांना घरोघर गरम घेवडा आणि मक्याचा पाव पोचवायच्या. कोळशाच्या धुळीने छाती भरलेली ती माणसं. चुलीपर्यंत जायचं तरी त्यांना धाप लागायची. अहवालात हे वाचून राष्ट्राध्यक्षांनी मला पुढे ओढलं आणि लिहिलं, 'हॉलिस, चोरांना हाकला, पण जेवणाची गाडी थांबवू नका. ओपल स्टिडम यांना आजच फोन करा.' 'आजच'खाली त्यांनी दोनदा रेघ ओढली. खरं सांगतो, त्या क्षणी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

हॉलिस ब्रँट हे योजनेचे प्रमुख. मला बघताच ते खुर्चीतून उठलेच.

"डोरीन, अगं बघ! साहेबांच्या स्वतःच्या हातचं! बोट लावू नकोस, डाग पडेल."

"सर, मग फोन लावून देऊ का त्या बाईंना?" त्यांच्या सेक्रेटरीने विचारलं.

"लावू गं संध्याकाळी. आधी हे चौकटवाल्याकडे धाड. खालच्या मजल्यावरच्या त्या मिरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे साहेबांची नुसती छापील पत्रं आहेत, कळलं?"

त्या इमारतीत माणसाचं वजन त्याच्या भिंतीवरून ठरायचं. संध्याकाळी मी चौकटवाल्याच्या दुकानात होतो आणि फोन ब्रँटसाहेबांच्या डोक्यातून साफ निघून गेला. डोरीनने एकदा आठवण करून दिली, तर तिच्यावरच डाफरले. शुक्रवार आला. जेवणाची गाडी सरकारने परत नेली.

मी भिंतीवर चढलो. येणारा जाणारा म्हणायचा, "वा, काय अक्षर आहे!" पुढच्या वसंतात ओपल स्वतः बसने आली, गाडी परत मागायला. थांबायला सांगितलं म्हणून भिंतीकडे बघत उभी राहिली, आणि तिने मला वाचलं.

"ब्रँटसाहेब, यात माझं नाव आहे."

"असेल की! साहेबांच्या हातचं आहे ते," ते कौतुकाने म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"मला फोन आलाच नाही हो." ओपलचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "गाडी गेल्यावर जवळच्या घरी आम्ही चालत जायचो. आमच्या म्हाताऱ्या एझ्रा काकांचं घर पार वर डोंगरात, बर्फात जमेना. ते दारात खुर्ची टाकून गाडीची वाट बघायचे म्हणे. तसेच बसल्या जागी गेले."

डोरीन तेवढी रडली. मी काचेमागे होतो, मला रडताही येईना.

आता मी संग्रहालयात असतो. इथले लोक पांढरे हातमोजे घालून मला हाताळतात, ऊनसुद्धा लागू देत नाहीत. मित्रांनो, मला नाही हो सोसत हे लाड! त्या दिवशी कुणी मला चुरगाळून खिशात कोंबलं असतं, माझ्यावर कॉफी सांडली असती, पण फोन केला असता, तर मी सुखाने कचऱ्यात गेलो असतो. तुमच्या हाती कधी असा कागद आला, तर अक्षराला छान म्हणण्याआधी त्यात काय लिहिलंय ते करा.

'आजच'खालच्या त्या दोन रेघा अजून ठळक आहेत. इथे येणारी मुलं त्यांच्यावर काचेवरून बोट फिरवतात.