राहिलेली सुई

सत्यवान बागवे तीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर होता. निवृत्त होऊन मसुऱ्याला आपल्या गावी परतला, तेव्हा आता हा आंब्याच्या कलमांकडे बघेल असं त्याच्या बायकोला, नर्मदेला, वाटलं होतं. त्याने घोडी आणली.

किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी घोडी होती ती. पाठीवरची जखम बघून लोक बसायला नको म्हणत, म्हणून मालकाने विकायला काढलेली. सत्यवानाने खोगीर उचलून पाहिलं, तर मानेच्या मुळाशी तळहाताएवढं कातडं गेलेलं. खोगीर दुसऱ्याच कुठल्यातरी रुंद घोड्याचं होतं आणि सगळा भार त्या एका हाडावर येत होता.

त्याने तिचं नाव शेवंती ठेवलं आणि चार महिने पाठीवर काहीच घातलं नाही. ओलीत खूर सडतात म्हणून गोठ्यात चिऱ्यांची उतरती जमीन केली. रोज खरारा, रोज खूर कोरणं. जखम भरल्यावर तिच्या पाठीवर तार वाकवून तिचा आकार पुठ्ठ्यावर उतरवला आणि त्या मापाचं खोगीर कोल्हापुराहून करून आणलं. नालबंदही तिथूनच दर दीड महिन्याने येई.

पशुवैद्य भक्ती सावंत पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या की, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, लस द्यावीच लागते. महिन्याच्या अंतराने दोन सुया, मग वर्षाला एक. लस बर्फात घालून मागवावी लागेल, तुम्ही दिवस कळवा. सत्यवान हो म्हणाला. पण शेवंती तेव्हा मानेकडे हात नेला तरी अंग चोरायची. दिवाळीच्या सुमाराला कुठे ती आपणहून त्याच्या खांद्यावर तोंड टेकू लागली. त्याच मानेत सुई टोचायचं त्याच्या जिवावर आलं. थोडी आणखी रुळू दे, असं तो म्हणत राहिला. डॉक्टरांनी एकदा फोनवर आठवण केली, तेव्हा त्याने मोहोरावरच्या फवारणीचं निमित्त सांगितलं.

फेब्रुवारीत गोठ्याचे पत्रे बदलले. खाली पडलेले खिळे त्याने दोनदा वेचले, तरी एक राहिला. शेवंती उजव्या पुढच्या पायाने लंगडू लागली, तेव्हा त्याने स्वतःच खुरातून खिळा ओढून काढला, जखम धुतली, औषध भरून पाय बांधला. डॉक्टरांना बोलावलं नाही. दोन दिवसांत ती नीट चालायला लागली.

नवव्या दिवशी ती मान वळवेना. चारही पाय लाकडासारखे ताठ, शेपूट उचललेली, घास तोंडातच राहिलेला. डॉक्टर आल्या. त्यांनी तिची हनुवटी हलकेच वर केली, तसा डोळ्यावर आतून पांढरा पडदा सरकला, धनुर्वातात सरकतो तसा.

"लस?" त्यांनी विचारलं.

"राहिली," सत्यवान म्हणाला.

त्या रागावल्या नाहीत. कोल्हापुराहून औषध मागवलं, ते संध्याकाळपर्यंत आलं. गोठ्याला गोणपाटं लावून काळोख केला, तिच्या कानात कापूस घातला. जरा आवाज झाला की तिचं सगळं अंग पिळवटून निघेल, असं त्यांनी बजावलं.

नेमका शिमगा आला होता. गावातले खेळे सोंगं घेऊन, ढोल वाजवत घरोघर फिरत होते. सत्यवान वाडीतले मानकरी भाई यांच्याकडे गेला आणि आमचं घर यंदा सोडा म्हणाला. घर सोडायचं कसं, यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी भाई म्हणाले की, खेळे येतील, पण ढोल वाजणार नाहीत. दुपारी वीस-बावीस माणसं ढोल खांद्यावर घेऊन गप्प चालत आली, नर्मदेकडून नारळ घेतला, हात जोडले आणि तशीच गेली. गोठ्यातून काही हालचाल ऐकू आली नाही. सत्यवानाला त्या दिवशी थोडी आशा वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंती आडवी पडली होती. घाम चिऱ्यांवरून ओघळत होता. तो जवळ बसला आणि नुसता हात लावला, तर ती कमानीसारखी वाकली. त्याने हात काढून घेतला आणि पुन्हा लावला नाही.

डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं की, आता ही उठायची नाही. श्वास अडकेपर्यंत हे असंच चालेल. दोन दिवस, कदाचित तीन. नाहीतर सुई देऊन तिला सोडवता येईल.

"तिला कळतंय का हे सगळं?"

"हो. ती पूर्ण शुद्धीवर आहे."

 सत्यवान म्हणाला, "आत्ताच द्या."

आधी गुंगीचं औषध दिलं. तिचे स्नायू सैल पडल्यावर त्याला तिच्या मानेवर हात ठेवता आला. दुसरी सुई दिली तेव्हा त्याचा हात तिथेच होता.

काजूच्या बागेत जेसीबीने खड्डा काढला. वाडीतले लोक मदतीला आले. एवढं तर माणसासाठीही कोणी करत नाही, असा मालक मिळायला नशीब लागतं, असं जो तो म्हणत होता. सत्यवान ऐकत राहिला. तिसऱ्या दिवशी नर्मदा तांदूळ निवडत होती, तिच्यासमोर जाऊन तो बसला.

"इंजेक्शन माझ्यामुळा ऱ्हवला," तो म्हणाला. "ती माका बुजतली म्हणान पुढे ढकललंय. आनी खिळो लागलो तेव्हा डॉक्टरीण इंजेक्शनाचाच इचारतली, म्हणान तिका बोलावक नाय."

नर्मदेने सूप खाली ठेवलं. "माका सांगान काय उपेग? लोक तुमका बरो मालक म्हणतत, ता आयकान गप बसतास. तेंका सांगा."

संध्याकाळी तो भाईंच्या ओटीवर गेला. चार-पाच जण बसले होते. त्याने लसीचं, खिळ्याचं, सगळं सांगितलं.  भाईंनी आतून चहा मागवला. तो पिऊन सत्यवान घरी आला.

त्यानंतर वाडीत त्याला कोणी बरा मालक म्हटलं नाही.